चालक नंबर स्वतः वाचतो

१२ नोव्हेंबर

दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद पाठवतोय. कागद उचलावाच लागतो, निदान फेकायला तरी. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, शाईत बुडालेल्या मुंग्या चालल्यासारखं. शाळा सुटल्यापासून पेन हातात धरलं ते फक्त पगाराच्या सहीला. जिथे लागणार नाही तिथे वहिनीला दे, तिला माझं लागतं.

मी बरा. बाबा बरे. त्याच रंगाच्या गोदामात आहोत, त्याच ठेकेदाराकडे. बाबा फोर्कलिफ्ट चालवतात आणि मी त्यांचा हेल्पर. तुला वाटलं असेल एव्हाना मी इथूनही पळालो असेन. पळालो नाही. पायाला भिंगरी आहेच. दर सोमवारी वाटतं की हातमोजे खुंटीला अडकवावेत आणि निघावं, बंदरावर माणसं घेतायत म्हणे. पण राहिलोय. का ते पुढे कधीतरी.

आत्ता लिहायला बसलो कारण इथे एक गंमत चाललीय. गोदामासाठी नवीन सॉफ्टवेअर होणार आहे. ते करणारे लोक अजून कुणी बघितले नाहीत. त्यांच्याआधी एक बाई आलीय आणि तिचं काम फक्त विचारायचं आणि लिहायचं. गळ्यातल्या कार्डावर बिझनेस अॅनालिस्ट असं आहे. वयानं तुझ्याएवढी असेल. पायात आमच्यासारखेच लोखंडी टोपीचे बूट, पण नवे कोरे, त्यामुळे बदकासारखी चालते. कॅन्टीनच्या कोपऱ्यातलं टेबल तिनं बळकावलंय. एकेकाला बोलावते आणि म्हणते, तुम्ही काय करता ते सांगा.

सांगायला सोपं वाटतं. मी म्हटलं, माल काढतो. तर ती म्हणाली, कोण काढतो, कशासाठी काढतो, आधी काय करता, मग काय करता. कागदावर तिनं एक काडीमाणूस काढला, गोल डोकं आणि हातापायाच्या काड्या. त्याच्यापुढे एक लांबट गोल. गोलात लिहिलं 'माल काढणे' आणि काडीमाणसाखाली लिहिलं 'चालक'. मी विचारलं, हे बाबा का? ती म्हणाली, हा कुणी एक माणूस नाही, जो त्या सीटवर बसेल तो. मग खाली पायऱ्या लिहायला लागली. चालक ऑर्डर घेतो. चालक रॅकपाशी जातो. याला यूज केस म्हणतात म्हणे. मी म्हटलं, केस म्हटलं की आम्हाला पोलीस आठवतात. ती हसली आणि हसता हसताच पुढचा प्रश्न विचारला.

प्रत्येक पायरीला तिचा एक शब्द ठरलेला. नाहीतर? चालक रॅकपाशी जातो, नाहीतर? म्हणजे नाही जाता आलं तर काय. मी म्हटलं, वाटेत दुसरी गाडी असेल. मग? मग थांबतो. आणि ती हललीच नाही तर? पोरांनी तिचं नावच नाहीतरबाई ठेवलंय. आता कॅन्टीनमध्ये कुणी म्हणालं चहा आण, की दुसरा म्हणतो, नाहीतर? सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना आमचं काम दिसत नाही, म्हणून तिनं लिहिलेल्या कागदावरच ते सगळं बांधणार. कागदात नसेल ते सॉफ्टवेअरात नसेल, असं ती सारखं सांगते.

तिसऱ्या पायरीवर मी जरा डोकं चालवलं. ती लिहीत होती, 'चालक डब्यावरचा नंबर वाचतो.' मी सवयीनं बोलून गेलो, बाबा वाचत नाहीत, मी ओरडतो. तिचं पेन थांबलं. का ओरडता? मी म्हटलं, दोघांनी बघितलं की चूक होत नाही. रंगाचं काम आहे, पांढऱ्याच्याच कितीतरी जाती, बाहेरून सगळे डबे सख्खे भाऊ, फरक फक्त नंबरात. तिला ते फार पटलं. बाकीच्या गाड्यांवर असं करतात का म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाही, पण करायला हवं. छाती फुगवून बाहेर आलो.

बरं, एक विचारायचं होतं. तुमच्या गावात डोळ्यांचा मोठा दवाखाना आहे ना, मोतीबिंदूची ऑपरेशनं करतात तो? इथल्या एका ड्रायव्हरला पत्ता हवाय. पाठवलास तर त्याचं काम होईल.

धाकटा


२३ नोव्हेंबर

दादा,

वहिनीच्या फोनवरून पत्ता आला. नुसता पत्ता आणि दवाखान्याची वेळ, खाली काही नाही. तू सांगितलंस म्हणून पाठवला की तिनं परस्पर, ते कळलं नाही. कळून घ्यायची हिंमतही नाही.

तो ड्रायव्हर म्हणजे बाबा. तुझ्या तेव्हाच लक्षात आलं असेल.

दोन्ही डोळे. डावा जास्त. मोठमोठ्या वस्तू दिसतात, पण धुक्यातून. नंबर म्हणजे नुसता डाग. दिव्याकडे बघितलं की त्याला पिसारा फुटतो म्हणतात. मला कळलं ते असं, की मी आलो तेव्हा ते पांढऱ्याच्या जागी हस्तिदंती काढत होते आणि वर कारखान्याला शिव्या देत होते, की हल्ली पांढरा रंगसुद्धा पिवळट करायला लागलेत. मी म्हटलं, बाबा, नंबर बघा की. तर म्हणाले, नंबर बघायला तुला ठेवलाय. तेव्हापासून मी ओरडतोय. गाडीपुढे चालतो, रॅकपाशी थांबतो, नंबर ओरडतो, वळणावर 'या, या, या, बस' करतो. गाडीपुढचे माल उचलायचे काटे किती वर गेले ते त्यांना हातातल्या दांड्याच्या थरथरीवरून कळतं, त्याला डोळे लागतच नाहीत, असं त्यांचं म्हणणं. बघणाऱ्याला वाटतं, बापानं पोराला चांगलं राबवलंय.

दरवर्षी तपासणी होते. ठेकेदार डॉक्टर आणतो आणि डॉक्टर भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावतो. तक्ता बाबांना पाठ आहे. खालच्या ओळीपर्यंत, विचारलंस तर उलटासुद्धा. तुला पाढे पाठ झाले नाहीत, मला बघ या वयात काय काय झालं, असं वर मलाच ऐकवतात.

ऑपरेशन करा म्हणून मी किती डोकं फोडलं. ते म्हणतात, डोळा बरा होईपर्यंत गाडीवर कोण बसेल? ठेकेदाराच्या दारात माणसं उभीच आहेत. एकदा उतरलेला माणूस परत चढलेला मी बघितला नाही. मग मी करू काय दिवसभर? इथपर्यंत येतात आणि गप्प होतात, कारण इथून पुढे तुझी खुर्ची येते.

तुझ्या सासऱ्यांसमोर काय झालं ते मला माहीत आहे. तू साहेबांच्या मिनतवाऱ्या करून तुझ्या ऑफिसच्या दारावर त्यांच्यासाठी बसायची नोकरी बघितलीस आणि ते भर पाहुण्यांत हसले. मी गाडी चालवतो रे, दारं उघडत नाही, असं म्हणाले. तेव्हापासून तुझं तोंड या दिशेला नाही. ती गोष्ट ते इथल्या ड्रायव्हरांना अधूनमधून सांगतात. माझ्या थोरल्यानं माझ्यासाठी काम बघितलं होतं, पंख्याखाली, गादीची खुर्ची, असं सांगतात. हसल्याचं सांगत नाहीत. तिथपर्यंत आले की खिशात काडेपेटी शोधायला लागतात.

म्हणून मी इथे आहे. मी गेलो तर दुसरा हेल्पर येईल आणि त्याला पहिल्याच दिवशी कळेल. एका जागी मला बसवत नाही हे अख्ख्या घराला पाठ आहे. मला बांधायला आईला जन्मभर जमलं नाही, ते बापाच्या डोळ्यांनी केलं. हे पत्रसुद्धा मी उभ्यानं लिहितोय, पॅलेटच्या, म्हणजे माल रचायच्या लाकडी फळ्यांच्या, थप्पीवर कागद ठेवून. कधीकधी गाडीपुढे चालता चालता वाटतं की असंच सरळ चालत मोठ्या दरवाज्यातून बाहेर पडावं. मग लक्षात येतं की तेही गाडी घेऊन मागे येतील, माझ्या आवाजावर, थेट रस्त्यापर्यंत.

इकडे माझं कौतुक चाललंय. नाहीतरबाईनं सुपरवायझरला सांगितलं, त्यानं मॅनेजरला. ओरडण्याची पायरी आता सगळ्या गाड्यांना लागू होणार. बाकीचे हेल्पर माझ्याकडे खाऊ की गिळू असे बघतात, त्यांच्याही घशाला काम लागलं. मला वाटतं बरंच झालं. सगळेच ओरडायला लागले की आमचं ओरडणं कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही. झाकली मूठ झाकलेली राहील.

धाकटा


३ डिसेंबर

दादा,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी केलं.

नाहीतरबाई परवा स्वच्छ छापलेला कागद घेऊन आली. तिसरी पायरी: चालक डब्यावरचा नंबर स्वतः वाचतो आणि गाडीवरच्या पडद्यावर टाकतो. चौथी: हेल्पर तोच नंबर वेगळा वाचून आपल्या यंत्रात टाकतो. पाचवी: दोन्ही जुळले तरच माल उचलायची परवानगी मिळते.

मी विचारलं, माझं ओरडणं कुठे गेलं? ती म्हणाली, तुम्हीच म्हणालात ना, दोघांनी बघितलं की चूक होत नाही. तुम्ही ओरडलात आणि चालकानं मान हलवली, तर बघितलं एकट्यानंच. दुसऱ्यानं नुसतं ऐकलं. दोघांनी आपापलं वाचलं, तर ती दोघांची खात्री. तिला हे सुचलं म्हणून ती खूश होती आणि मी पण खूश होईन असं वाटून माझ्याकडे बघत होती.

तू शिकलेला आहेस, यात चूक काढून दाखव. मी दोन दिवस शोधतोय.

मी म्हटलं, ही पायरी काढून टाका, वेळ जातो. तिनं विचारलं, किती जातो? मला सांगता येईना. मग म्हटलं, काही ड्रायव्हर वयस्कर आहेत, त्यांना पडद्याचं जमत नाही. ती म्हणाली, पडद्यावरचे आकडे मोठे करू. केवढे हवेत? मी हात पसरून दाखवले. ती हसली नाही. म्हणाली, डब्यावरचे पण एवढे हवेत का? मी म्हटलं, चहा गार होतोय, आणि उठलो. चहा घेतलेलाच नव्हता.

कल्पना आमची म्हणून पहिला पडदा आमच्याच गाडीवर बसवला. नुसता बघायला, कसं चालतंय ते; आत सॉफ्टवेअर अजून नाही, फक्त आकडे दाबायचे. जुन्या यंत्रांची बटणं वर आलेली असतात, बोटाला कळतात. हा काचेसारखा सपाट. मी युक्ती केली. पाचाच्या आकड्यावर रंगाचा एक थेंब वाळवून ठेवला. बाबांनी थेंब चाचपायचा आणि तिथून वरखाली मोजायचं. मी नेहमीसारखा ओरडायचो, ते चाचपून टाकायचे. सकाळभर छान चाललं. बाबांना तर मजाच वाटत होती. दुपारी सुपरवायझर आला, पडद्यावर घाण काय पडलीय म्हणाला आणि नखानं थेंब खरवडून गेला.

त्यानंतर बाबा आकडे शोधत राहिले. सगळं ध्यान पडद्यात, आणि हातातला दांडा राहिला तसाच. काटे जायचे पॅलेटखाली, ते गेले डब्यात. पांढऱ्याचा मोठा डबा मधोमध फाटला. पलीकडे शेजारच्या गाडीचा हेल्पर वाकून काहीतरी उचलत होता, काट्यांच्या बरोब्बर समोर. उडी मारून बाजूला झाला म्हणून त्याच्या अंगावर फक्त रंग उडाला. लोक धावले. बाबा सीटवरूनच माझ्यावर ओरडले, आंधळा आहेस का, नीट सांगता येत नाही? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, हो, माझं चुकलं.

संध्याकाळी नळावर ते हात घासत होते. हाताला रंग लागलेलाच नव्हता. मला म्हणाले, त्याला लागलं नाही ना? मी म्हटलं, नाही. खोलीवर येईपर्यंत तेच विचारत होते. जेवताना परत. त्याच्या घरी कोण कोण असतं, हेही विचारलं. मला काय माहीत. पण मग मी जाऊन विचारून आलो आणि सांगितलं. बायको आहे, बाळ झालंय नुकतंच. त्यांनी ताट तसंच ठेवलं.

तू एक फोन कर. माझं ते ऐकत नाहीत. मी धाकटा, त्यातून मी कुठेच टिकलेला नाही, माझा शब्द काय चालणार? तू त्यांच्यावर रागावलेला आहेस, म्हणजे तुझं ऐकतील.

धाकटा


११ डिसेंबर

दादा,

तुझा फोन आला नाही. आता आला नाही तरी चालेल असं झालंय, म्हणून सांगायला लिहितोय. आणि रागानं लिहीत नाहीये.

नाहीतरबाईच्या कामात एक रीत आहे. एकेकाला विचारून लिहिलेलं असतं, ते पक्कं करण्याआधी ते काम करणाऱ्या सगळ्यांना एकत्र बसवायचं आणि पायरी पायरी मोठ्यानं वाचायची. ज्याला खोट काढायची त्यानं काढावी. मग सह्या. आज सकाळी ते वाचन होतं. कॅन्टीनमध्ये सगळे ड्रायव्हर, सगळे हेल्पर, सुपरवायझर, आणि मागे भिंतीला टेकून ठेकेदार.

बाबांना मी म्हटलं होतं, तुम्ही येऊ नका, उगाच कंटाळाल. ते धुतलेला शर्ट घालून आले आणि पहिल्या रांगेत बसले, टोपी गुडघ्यावर. त्या दिवशी रंगानं माखलेला तो हेल्पर त्यांच्या मागेच होता. त्याच्या बुटांवर अजून पांढरे शिंतोडे होते.

बाईनं वाचायला घेतलं. पहिली पायरी, नाहीतर? पोरं एका सुरात तिच्याबरोबर म्हणाली, नाहीतर, आणि हशा पिकला. तीही हसली. दुसरी पायरी झाली. मग तिसरी. चालक नंबर स्वतः वाचतो.

"नाहीतर?"

एक ड्रायव्हर म्हणाला, लेबल फाटलेलं असेल. तिनं लिहिलं. दुसरा म्हणाला, धूळ बसलेली असेल. तेही लिहिलं. तिकडच्या कोपऱ्यातला दिवा गेलेला असतो, असं कुणीतरी सुपरवायझरकडे बघून म्हणालं आणि परत हशा झाला. ती म्हणाली, आणखी? मी जमिनीकडे बघत होतो. आता ती पुढे जाईल, आता जाईल, असं मनात चाललं होतं.

बाबा बसल्या जागेवरूनच बोलले, मागे वळलेही नाहीत.

"नाहीतर चालकाला दिसत नसतं."

एकदोघं हसले. त्यांना वाटलं ही पण चेष्टा. मग त्यांचं हसू आपोआपच थांबलं. बाईचं पेन कागदावर होतं, पण तिनं लिहिलं नाही.

"मग काय करायचं?" तिनं विचारलं.

"मग त्यानं उतरायचं," बाबा म्हणाले. "आणि हेपण लिहा, की हेल्परनं त्याला झाकायचं नाही. हेल्परला कुठे जायचं असेल तर जाऊ द्यायचं."

दादा, मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. बंदराचं, निघून जायचं, काहीच नाही. 

खिशातून त्यांनी गाडीची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. ठेकेदार पुढे यायला लागला, तर बाईनं हात वर करून त्याला थांबवलं, तिचं लिहून व्हायचं होतं. लिहिलं आणि जसं सगळ्यांचं वाचून दाखवते तसं वाचून दाखवलं. चालकाला नंबर दिसत नसेल तर चालक गाडी थांबवतो आणि खाली उतरतो. बाबा म्हणाले, बरोबर आहे. हेल्परबद्दलचं तिनं लिहिलं की नाही मला माहीत नाही, वाचलं तरी नाही. सही कुठे करायची ते तिनं कागदावर बोट ठेवून दाखवलं आणि बाबांनी त्या बोटाच्या शेजारी सही केली.

अंगावर रंग उडालेला तो हेल्पर उठला आणि बाहेर जाऊन त्यांच्यासाठी चहा घेऊन आला. हातात दिला, कप नीट धरलाय ना ते बघितलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

नंतर बाईनं मला नळापाशी गाठलं. मला वाटलं आता हजेरी घेईल. ती म्हणाली, "तुम्ही मला खोटं सांगितलंत आणि मी ते नीट लिहून काढलं. तुमचे बाबा पलीकडच्या टेबलावरच चहा पीत होते. मी उठून त्यांना विचारायला हवं होतं." मी म्हटलं, त्यांनीही खोटंच सांगितलं असतं. ती म्हणाली, कदाचित. पण दोन खोटी शेजारी शेजारी ठेवली असती, तर मला काहीतरी दिसलं असतं.

मग बदकासारखी चालत गेली. पुढच्या कामाचं वाचन होतं, माल उतरवण्याचं.

धाकटा


१७ डिसेंबर

दादा,

ठेकेदार वाईट वागला नाही. आधी डोळे करून या, मग बघू, एवढंच म्हणाला. 'बघू'चा अर्थ बाबांनाही कळतो. दुसऱ्या दिवशी आमच्या गाडीवर नवा ड्रायव्हर होता. तरुण आहे, नंबर लांबूनच वाचतो. मी सवयीनं ओरडलो तर म्हणाला, कान शाबूत आहेत माझे.

बाबा खोलीवर असतात. मी परत येईपर्यंत त्यांनी माझे कपडे धुतलेले असतात, पलंग हलवलेला असतो, एकदा तर दाराच्या कडीला तेल घालून ठेवलं होतं. मी विचारलं, आता काय करायचं? म्हणाले, बघू. मी म्हटलं, दादाच्या गावात दवाखाना आहे. त्यांनी कडी उघडून बंद करून बघितली. नाही म्हणाले नाहीत. काल आलो तर बॅग भरलेली, आणि वर इस्त्रीचा शर्ट घडी करून ठेवलेला.

वीस तारखेला सकाळच्या गाडीनं पोचतील. तू स्टेशनवर ये. तू आला नाहीस तर ते कुणाला पत्ता विचारणार नाहीत. बाकड्यावर बसून राहतील, संध्याकाळच्या गाडीनं परत येतील आणि मला सांगतील, दादा कामात होता.

खुर्चीचं काढू नकोस. ते माफी मागतील म्हणून वाट बघू नकोस, तसले शब्द त्यांच्याकडे नाहीत. ते वहिनीला विचारतील, घरात काही मोडलंय का दुरुस्त करायला. मोडलेलं नसेल तर काहीतरी मोडून ठेवा.

माझं म्हणशील तर मी आता मोकळा आहे. काल जेवणाच्या सुट्टीत मोठ्या दरवाज्यापर्यंत गेलो. बंदराकडे जाणारी बस समोरच उभी राहते. दार उघडं होतं, कंडक्टर माझ्याकडे बघत होता, येणार का असं. बस गेली. मी का चढलो नाही ते मला विचारू नकोस. एवढे दिवस वाटत होतं की बाबांनी मला धरून ठेवलंय. आता कुणी धरलेलं नाही तर पाय कुठे टाकावा ते कळत नाही. आणि मी गेलो तर तू उत्तर कुठल्या पत्त्यावर पाठवशील?

धाकटा


९ जानेवारी

दादा,

वहिनीनं सगळं सांगितलं. तू गाडीच्या कितीतरी आधी जाऊन उभा राहिलास आणि बाबा तुझ्या समोरून पुढे निघून गेले, तू हाक मारेपर्यंत. मग म्हणे घरापर्यंत तुम्ही दोघंही काही बोलला नाहीत. मला बोलल्यासारखंच वाटलं ते.

काल तुझा नंबर माझ्या फोनवर उमटला तेव्हा मी थप्पीवर चढलो होतो. खाली उतरेपर्यंत वाजत होता. बाबा होते. एका डोळ्याची पट्टी निघाली, दुसरा पुढच्या महिन्यात. तुमच्या दुधाच्या पिशवीवरचं बारीक अक्षर त्यांनी मला फोनवर वाचून दाखवलं, तारखेसकट. तुमच्या नळाचा वायसर बदललाय म्हणाले. तो खरंच गेला होता की तू माझं ऐकलंस ते मी विचारलं नाही.

मी विचारलं, पट्टी काढल्यावर पहिलं काय दिसलं? आवाज खाली करून, तू शेजारच्या खोलीत असशील म्हणून, म्हणाले, "अरे, दादाचे केस पिकलेत. मला कुणी सांगितलंच नाही."

मी म्हटलं, मला तरी कुठे माहीत होतं.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी येतोय. सुपरवायझरकडे गेलो आणि रजा मागितली. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, कारण रजा कशी मागतात ते मला येत नव्हतं. आजवर प्रत्येक ठिकाणाहून मी नुसता निघून आलोय.

धाकटा